बाबांचं अक्षर बारीक का झालं?

प्रश्न : डॉक्टर नमस्कार, आम्ही फोंड्याजवळ राहतो. सासरे ७१ वर्षांचे. वर्षभर झालं त्यांचा उजवा हात नुसता मांडीवर ठेवला तरी थरथरतो, चालतात हळू, आणि उंबऱ्यापाशी आले की पाय चिकटल्यासारखे उभेच राहतात. हसत नाहीत, बोलतात ते पुटपुटल्यासारखं. चवथीच्या माटोळीची (गणपतीवर टांगायच्या फळं-भाज्यांची) यादी दरवर्षी तेच लिहितात, यंदा एवढं बारीक अक्षर की कोणालाच वाचता आलं नाही. सासूबाई म्हणतात मुद्दाम करतात, शेजारी म्हणतात वय झालं. एमआरआय नॉर्मल आलाय. अल्झायमर तर नाही ना?
— एक सून, फोंडा

उत्तर : ताई, आधी सासूबाईंना जवळ बसवून सांगा की बाबा यातलं काहीच मुद्दाम करत नाहीयेत, कारण या आजारात माणूस गोळ्यांच्या आधी घरच्यांच्या बोलण्यानं खचतो, मी रोज बघते.

तुम्ही लिहिलंय ते सगळं पार्किन्सनकडे बोट दाखवतं. अल्झायमरमध्ये बहुतेक वेळा आधी आठवण जाते, इथे आधी हालचाल बिघडते. मेंदूच्या खालच्या भागात एक छोटा काळसर पट्टा असतो, तिथल्या पेशी डोपामिन नावाचं रसायन बनवतात आणि त्यामुळे आपलं चालणं, लिहिणं, हसणं विचार न करता होत असतं. या पेशी हळूहळू मरतात, आणि हात थरथरायला लागेपर्यंत त्यातल्या निम्म्याच्या आसपास गेलेल्या असतात. म्हणून हसू गेलं, आवाज बसला, अक्षर आक्रसलं. जुन्या याद्या असल्या तर काढून बघा, ओळीची सुरुवात बरी आणि शेवटाकडे अक्षर मुंगीएवढं असं कधीपासून झालंय ते कळेल, आणि ती वही डॉक्टरांकडे नक्की न्या. आणखी एक आठवून बघा, घरात सुकी मासळी भाजली तरी बाबांना वास येत नाही असं झालंय का? वास जाणं, बद्धकोष्ठ, झोपेत हातपाय झाडणं हे कधी कधी कंप सुरू व्हायच्या कितीतरी वर्षं आधीपासून असतं.

एमआरआय नॉर्मल आला म्हणून काही नाही असं समजू नका. लंडनच्या जेम्स पार्किन्सननी १८१७ साली या आजारावर लिहिलं तेव्हा त्यांच्याकडे सहाच पेशंट होते आणि त्यातले काही तर त्यांनी फक्त रस्त्यावर चालताना पाहिले होते. आजही निदान मुख्यतः असंच, माणसाला बघून तपासून होतं. गोमेकॉच्या (गोवा मेडिकल कॉलेजच्या) न्यूरोलॉजी ओपीडीत दाखवा, आणि सगळ्या चालू गोळ्या पिशवीत घालून न्या. चक्करेसाठी सिनारिझिन किंवा उलटीसाठी मेटोक्लोप्रमाइड महिनोन्महिने चालू असेल तर त्यानेही हुबेहूब असंच होऊ शकतं, आणि ती डॉक्टरांनी बंद केली की बरेच जण सुधारतात!

पेशी मरायच्या थांबवणारं औषध अजून नाही, हे खरं तेच सांगते. पण लिव्होडोपा या गोळीनं हालचाल खूप मोकळी होते, लोक वर्षानुवर्षं आपापली कामं करतात. ती सुरू झाली तर जेवणाच्या अर्धा तास आधी द्या, कारण मासळी, डाळ, अंडी यातलं प्रोटीन तिला आतड्यातून शोषलं जायला अडवतं (मळमळ झाली तर सोबत थोडी पेज चालेल). अचानक बंद मात्र कधीच करू नका.

उंबऱ्याशी अडकले तर हात धरून ओढू नका, पडतील. उंबऱ्याच्या अलीकडे जमिनीवर रंगीत टेपची आडवी पट्टी लावा आणि "ही ओलांडा" म्हणा, नाहीतर टाळ्यांचा ठेका धरा, भजनाला बसणाऱ्या माणसाला तर तो लगेच पायात येतो. डोळ्यांना खूण किंवा कानाला ताल मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेनं पाय उचलतो.

प्रश्न : आईचे दोन्ही हात चहाचा कप उचलताना हलतात, एरवी नाही. हाही पार्किन्सन का?
— वाचक, म्हापसा

उत्तर : बहुतेक नाही. पार्किन्सनचा कंप हात स्वस्थ असताना दिसतो आणि एका बाजूनं सुरू होतो. काम करताना दोन्ही हात हलणं हा बहुधा इसेन्शियल ट्रेमर नावाचा वेगळा त्रास, तो बऱ्याच घराण्यांत असतो, तेव्हा आजीचे हात हलायचे का ते विचारा. थायरॉइड तपासून घ्या, दम्याची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, आणि तोवर कप अर्धाच भरून द्या.