नोंद घ्यावी, पण कुठे?

प्रिय चिऊ,

काल आजोबांनी त्यांच्या सोसायटीच्या फळ्याचा फोटो पाठवला. 'टाकी सफाईमुळे रविवारी पाणी येणार नाही. सर्व सभासदांनी नोंद घ्यावी.' तू विचारलंस, "आई, सगळे वही घेऊन खाली येतात का?" मी नुसती हसले आणि उत्तर राहून गेलं.

वही कुणी आणत नाही. लिहून ठेवलं तर नोंद 'केली'. नोंद 'घेतली' म्हणजे ध्यानात ठेवलं, बस. बादल्या भरायच्या की नाही, हे ज्याचं त्याने बघायचं. (तक्रारीवर 'आपल्या पत्राची नोंद घेतली आहे' असं उत्तर आलं तर फार आशा ठेवू नये. 'दखल घेतली' असेल तर थोडी ठेवावी.)

'नोंदवणे' तर आणखी भटकं. फलंदाज शतक नोंदवतो तेव्हा त्याच्या हातात बॅट असते, पेन नाही. मोर्चेवाले निषेध नोंदवतात तो घोषणा देऊन. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, तर तिथे मात्र खरोखरच लिहितात.

आणि खरी लिहिलेली नोंद फार चिवट असते. गावाकडे शेत विकलं की फेरफार नोंदवहीत नोंद होते, ती मंजूर झाली की सातबाऱ्यावर नाव बदलतं. तोवर पैसे देऊनही घेणारा तलाठ्याकडे खेटे घालतो. जन्म-मृत्यूची जुनी नोंद गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोकांच्या भाषेत कोतवाल बुकात. माझ्या आजीच्या जन्माचा दाखला हवा होता, तेव्हा मामाने ते बुक शोधायला लावलं. तारीख सापडली, तिच्या वडिलांचं नाव सापडलं, आणि पुढे एकच शब्द: 'मुलगी'. बारसं बहुधा व्हायचं होतं. नंतर कुणी परत जाऊन नाव लिहिलं नाही. आता जन्म 21 दिवसांच्या आत कळवावा लागतो, नाव मागाहून घालता येतं. तुझं आम्ही आधीच ठरवून ठेवलं होतं, त्यालाही कारण ती ओळच.

बुधवारी चार वाजता दाताच्या डॉक्टरकडे जायचं आहे. नोंद घ्यावी.

आई