पोदेराशी बोलायचंय?

कामात रमलेल्या अनोळखी माणसाला बोलतं करायचं, तर आधी त्याचा धंदा होऊ दे. गोव्यात पोदेरापासून, म्हणजे दारोदार पाव विकणाऱ्यापासून, सुरुवात कर. सकाळी भोंगा ऐकू आला की पिशवी आणि सुटे पैसे घेऊन दारात उभा राहा. उंडे, म्हणजे गोल पाव, माग; बांगडीच्या आकाराची काकणं कडक आहेत का विचार. सायकलवरच्या टोपलीचं प्लास्टिक सारून तो हात आत घालतो आणि न बघता, नुसतं चाचपून हवा तो पाव काढतो. तेवढ्यात एकच प्रश्न: "भट्टी कितीला पेटवली?" "काम आवडतं का?" असलं मुलाखतछाप काही नको, माणूस आखडतो. मोबाइलही खिशातच बरा. पुढच्या वाड्यावर लोकांचा चहा पावासाठी खोळंबलेला असतो, त्यामुळे तो फार थांबणार नाही. उरलेलं संध्याकाळच्या फेरीला विचार.