रात्री तीनला जाग येते तेव्हा

अगं, छातीत धडधड, उगाचची भीती, घामाने भिजलेला गाऊन... हे सगळं पाळी जाण्याच्या काळात (मेनोपॉज) होऊ शकतं, ‘वय झालं’ म्हणून सोसत बसू नकोस. मी दोन वर्षं तेच केलं. आधी थायरॉइड आणि हिमोग्लोबिन तपासून घे, त्यातही अशीच धडधड होते. मग स्त्रीरोगतज्ज्ञांना हार्मोन थेरपीबद्दल स्वतःहून विचार. गर्भाशय असेल तर या थेरपीत इस्ट्रोजेन हार्मोनसोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतंच. पूर्वी स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झाली असेल तर आधीच सांग. हार्मोनशिवायची औषधंही आहेत, आणि सीबीटी म्हणजे विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या समुपदेशनाने घाबरेपणा उतरतो. माझ्या पहिल्या डॉक्टरांनी नुसतं कॅल्शियम लिहून दिलं होतं! डॉक्टर बदलायला लाजू नकोस. हो, आणि पाळी वर्षभर थांबून पुन्हा रक्त दिसलं, तर लगेच दाखव.