दहा डॉलरच्या नोटेवरचं गाव

प्रश्न: जूनमध्ये मुलाकडे सिडनीला जातेय. मला कथा वाचायची फार आवड, म्हणून ऑस्ट्रेलियन कथाकार हेन्री लॉसनच्या गलगाँग गावाला जायचं मनात आहे. मुलगा म्हणतो, एवढ्या लांब जाऊन बघणार काय? जावं का?

उत्तर: जा ताई, नक्की जा, फक्त एका दिवसात परत येऊ म्हणू नका. सिडनीहून जवळपास तीनशे किलोमीटर आहे, ब्लू माउंटन्स ओलांडून लिथगो, मग मजी, तिथून पुढे तीसेक किलोमीटर. जूनमध्ये तिकडे हिवाळा असतो, पाचला अंधारून येतं आणि तिन्हीसांजेला कांगारू सरळ गाडीसमोर येतात, तेव्हा मुलाला सांगा की उजेडातच पोचायचं. आणि स्वेटर भरपूर घ्या.

एक गोष्ट मात्र आधीच सांगते, हे लॉसनचं जन्मगाव नाही. तो १८६७ साली ग्रेनफेलला जन्मला, पण लहानपण गेलं ते या गलगाँग-मजीच्या भागात. १८७० ला इथे सोनं सापडलं, हजारो माणसं आली, तंबूंच्या मधून जशी वाट पडली तसाच मेन स्ट्रीट आजही अरुंद आणि वाकडातिकडा आहे. १८७२ च्या सुमाराचे इथले दुकानांचे फोटो काचेच्या प्लेटांवर टिकून राहिले, त्यातलीच दृश्यं १९६६ च्या दहा डॉलरच्या नोटेवर लॉसनच्या चेहऱ्यामागे छापली होती. होल्टरमन म्युझियममध्ये ते फोटो बघा आणि मग बाहेर येऊन तोच रस्ता बघा, मला तर तिथून हलावंसंच वाटेना.

लॉसन सेंटरही त्याच रस्त्यावर आहे. ही छोट्या गावातली म्युझियम्स रोज दिवसभर उघडी असतीलच असं नाही, आधी फोन करून वेळ विचारून घ्या.

पण माझं मन सगळ्यात जास्त अडकलं ते युरंडरीला, मजीहून येताना वाटेत लागतं. तिथल्या शाळेत लॉसन १८७६ मध्ये जायला लागला, त्याच वयात कान बिघडला आणि चौदाव्या वर्षापर्यंत जवळजवळ ऐकूच येईना. त्यांच्या घराचं आता धुराडं तेवढं उरलंय. मुलाला निघायच्या आधी 'द ड्रोव्हर्स वाइफ' (म्हणजे गुरं हाकून नेणाऱ्याची बायको) वाचायला द्या, लॉसनची १८९२ ची छोटीशी कथा आहे, नवरा लांब गेलेला, घरात साप शिरलेला आणि ती बाई चार पोरांना घेऊन रात्रभर जागी. ती वाचून त्या धुराड्यापाशी दोघं थोडा वेळ उभे राहा, बघण्यासारखं काय आहे ते त्याला तुम्हाला वेगळं सांगावं लागणार नाही.