मीटरवरचे ३३८ तास आणि हातातले दोन महिने

प्रश्न : मुलुंडला राहतो, नोकरी करतो. मुरबाडजवळ दीड एकर वडिलोपार्जित जमीन आहे. २२ महिन्यांपूर्वी नाशिककडच्या एका विक्रेत्याकडून २०१८ चा २२ एचपी मिनी ट्रॅक्टर ३ लाख ४० हजारांना घेतला. व्हॉट्सॲपवर ‘फक्त ३३८ तास चाललेला’ असं त्यानं लिहिलं होतं, मीटरही तेच दाखवत होता. आठव्या महिन्यात धूर आणि ऑइल खाणं सुरू झालं. गावच्या गॅरेजात लायनर-पिस्टन बदलले, ६२ हजार गेले. पुढे कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमधल्या माणसानं सांगितलं की हाच ट्रॅक्टर २०२१ मध्ये ११४० तासांवर सर्व्हिसिंगला आला होता. विक्रेता ‘बघू, करून देतो’ म्हणतो. डिलिव्हरी चलनावर ‘जसा आहे तसा, मीटर रीडिंगची जबाबदारी नाही’ असं छापलंय. आरसी अजून पहिल्या मालकाच्या नावावर आहे. गावात कधीकधी भाड्यानं देतो. पोलिसांत जावं का?

उत्तर : कमी तासांचा जुना ट्रॅक्टर घेऊन फसल्याची पत्रं नेहमी येतात आणि बहुतेकांत चलनावरची तारीख सांगायची राहून जाते. तुम्ही निदान महिने सांगितलेत. तुमचं प्रकरण त्यावरच ठरणार आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम ६९ प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांत ग्राहक आयोगाकडे जावं लागतं. कारण कधी घडलं, ताबा घेतला तेव्हा की फसवणूक कळली तेव्हा, यावर वाद घालता येतो. फसवणूक कळल्यापासून मुदत मोजणारं मुदत कायद्याचं कलम १७ तुमच्या बाजूनं वापरूनही बघता येईल. पण हातात दोन महिने असताना हा वाद अंगावर घ्यायचं कारण नाही. ताब्याची तारीख धरा. ‘बघू, करून देतो’ या मेसेजांनी मुदत एक दिवसानंही वाढत नाही. विलंब माफ करायचा अधिकार आयोगाला आहे, पण पुरेसं कारण दाखवावं लागतं, आणि ‘तो आज-उद्या करत होता’ एवढ्यावर भागेलच असं नाही. धूर निघाल्यावर लगेच लिहिलं असतंत तर आज ही घाई नसती. नोटीस सक्तीची नाही. पाठवायची तर याच आठवड्यात पाठवा, १५ दिवसांची, आणि उत्तराची वाट बघत बसू नका.

आता पुरावा. मीटर कमी दाखवतो एवढ्यावर काहीच सिद्ध होत नाही, आणि विक्रेत्याचा वकील हेच म्हणेल. खरोखर कमी चाललेले मिनी ट्रॅक्टर असतात : एक-दोन एकरवाल्याकडचे, फक्त फवारणीला वापरलेले, हप्ते थकल्यामुळे बँकेनं ओढून आणून यार्डात उभे केलेले. शिवाय केबलवर चालणारा मीटर घड्याळी तास मोजत नाही, इंजिनचे फेरे मोजतो. तो २००० आरपीएमवर (मिनिटाला २००० फेरे) लावलेला असेल तर १००० आरपीएमवर तासभर चालवल्यावर अर्धाच तास पुढे जातो. केबल तुटली तर तो जागीच थांबतो. हे सगळं खरं आहे. पण यातल्या कुठल्याही कारणानं ११४० चे ३३८ होत नाहीत. आकडा मागे जायला मीटर बदलावा तरी लागतो किंवा फिरवावा तरी, आणि सर्व्हिस सेंटरनं बदलला असेल तर जॉब कार्डावर, म्हणजे सर्व्हिसिंगच्या कामाच्या कागदावर, तशी नोंद असायला हवी.

म्हणून २०२१ चं ते जॉब कार्ड हाच तुमचा खटला आहे. तोंडी सांगितलेल्याला किंमत नाही. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर घालून सर्व्हिस सेंटरला आणि कंपनीच्या विभागीय कार्यालयाला लेखी अर्ज करा, सगळ्या सर्व्हिसिंगच्या तारखा आणि त्या वेळचे तास मागा. दिले नाहीत तर तक्रारीबरोबरच कलम ३८(९) खाली कागद हजर करून घेण्याचा अर्ज लावता येतो. ते नाकारले जातील या भीतीनं तक्रार थांबवू नका.

जुने पिस्टन-लायनर बहुधा भंगारात गेले असतील. एवढं मोठं काम करण्याआधी एक लेखी तपासणी अहवाल आणि चार फोटो, एवढं तरी करायचं होतं. आता जे शिल्लक आहे ते सांभाळा : पीटीओ शाफ्टच्या (अवजाराला इंजिनची ताकद देणारा मागचा दांडा) झिजलेल्या खाचा, थ्री पॉइंट लिंकेजच्या (मागे अवजार जोडायची जागा) पिनांची लंबगोल झालेली भोकं, पेडलचं रबर. मागच्या टायरवर चार आकडी तारीख असते. २३२१ म्हणजे २०२१ चा २३ वा आठवडा. २०१८ च्या ट्रॅक्टरला २०२१ चे टायर निघाले, तर ३३८ तासांत ते का बदलावे लागले हे विक्रेत्याला सांगू द्या. एखादा टायर फाटला होता असं तो म्हणू शकतो, दोन्ही फाटले म्हणणं अवघड जाईल. मीटर खोलू नका, खोलू देऊ नका. आजचं रीडिंग चेसिस नंबरासह फोटोत घ्या. गॅरेजचं बिल पक्कं नसेल तर त्या मिस्त्रीचं प्रतिज्ञापत्र घ्या. व्हॉट्सॲपच्या मेसेजांसोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडा, आणि तो फोन विकू नका.

चलनावरच्या ओळीनं घाबरू नका, पण ती हसण्यावारीही नेऊ नका. ‘जसा आहे तसा’ म्हटल्यानं दर्जाच्या गर्भित (न लिहिता धरल्या जाणाऱ्या) हमीतून विक्रेता सुटू शकतो. स्वतः लिहिलेल्या खोट्या आकड्यातून सुटणं कठीण. करार कायद्याच्या कलम १९ चा अपवाद तो पुढे करेल : साध्या चौकशीत खरं कळलं असतं, मग तक्रार कसली? हा अपवाद चुकीच्या निवेदनाला आणि कपटी मौनाला आहे, जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला नाही. मीटर त्यानंच फिरवला की आधीच्या मालकानं, यावर हे बरंचसं अवलंबून राहील.

भाड्याचं जपून लिहा आणि खरंच लिहा. ‘व्यापारी हेतू’ हा आक्षेप येणारच. खरेदीचा मुख्य हेतू काय होता हे बघायचं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये लीलावती कीर्तिलाल मेहता मेडिकल ट्रस्टच्या प्रकरणात म्हटलं आहे. स्वतःची शेती मुख्य आणि भाडं अधूनमधून असेल तर तुमची बाजू ठीक आहे. रोज तासावर फिरवत असाल तर सांगता येत नाही.

आरसी २२ महिने दुसऱ्याच्या नावावर ठेवणं मात्र बेफिकिरी आहे. मोटार वाहन कायद्यात घेणाऱ्याला ३० दिवस दिलेत. नाव बदलण्याचे फॉर्म २९ आणि ३० आधी लावा, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवण्याचा ३५ सुद्धा.

पोलीस ‘दिवाणी मामला’ म्हणण्याची शक्यता मोठी. अर्ज देऊन पोच घ्या, पण वेळ तिकडे घालवू नका. विक्रेता नाशिककडचा असला तरी तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे मुंबई उपनगर जिल्हा आयोगात तक्रार चालते. ई-जागृती पोर्टलवरून भरता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. २२ महिने वापरलेल्या ट्रॅक्टरची पूर्ण किंमत मागून बसू नका. ६२ हजार, ३३८ आणि ११४० तासांच्या ट्रॅक्टरमधला किमतीचा फरक, त्रास आणि खर्च, एवढं मागा. निकालाला कायदा ३ महिने म्हणतो, तपासणी लागली तर ५. प्रत्यक्षात वर्षं धरून चाला, आणि तोवर ट्रॅक्टर विकू नका. विकायचाच झाला तर आयोगाला कळवून, तज्ज्ञाची तपासणी झाल्यावर.