भूल उतरली, पण ताकद आली का?

प्रश्न : माझ्या आईच्या पित्ताशयाची शस्त्रक्रिया दुर्बिणीतून व्हायची आहे. भूलतज्ज्ञांनी 'स्नायू सैल करण्याचे इंजेक्शनही द्यावे लागेल' असे सांगितले. त्या इंजेक्शनाने श्वाससुद्धा थांबतो, असे नंतर वाचनात आले आणि तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. भूल दिलेली असताना हे इंजेक्शन वेगळे कशाला? आणि त्याचा अंमल पूर्ण उतरला, हे डॉक्टरांना कळते कसे?

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे. या औषधाने श्वास थांबतो, आणि तो दुष्परिणाम नसून औषधाच्या कामाचाच भाग आहे, कारण श्वासपटल हाही एक स्नायूच. म्हणूनच रुग्णाचा श्वास हाताने किंवा यंत्राने चालू ठेवण्याची तयारी आणि सराव असलेल्या व्यक्तीनेच ते द्यायचे असते. घशाचे स्नायू सैल झाले की श्वासनलिकेत नळी इजा न होता बसते. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत पोट वायूने फुगवलेले असते, तेव्हा रुग्णाने अचानक जोर करणे किंवा खोकणे धोक्याचे ठरते.

मज्जातंतूच्या टोकाशी ॲसिटिलकोलीन नावाचे रसायन सुटते आणि ते स्नायूवरील ग्राहकांना (रसायन धरून ठेवणाऱ्या जागांना) चिकटले की स्नायू आकुंचन पावतो. रोक्युरोनियम, व्हेक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधे त्याच जागा अडवून बसतात. मेंदूवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. १९४७ साली अमेरिकेत स्कॉट स्मिथ या भूलतज्ज्ञाने भुलेचे कोणतेही औषध न घेता स्वतःला पूर्ण लुळे करून घेतले; शुद्ध, वेदना आणि स्मरण तिन्ही शाबूत राहिल्याचे त्यांनी नंतर सांगितले. थोडक्यात, हे इंजेक्शन झोप आणत नाही. भूल अपुरी पडली, तर जागा झालेला रुग्ण बोटही हलवून ते कळवू शकत नाही. ब्रिटन व आयर्लंडमधील २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, शस्त्रक्रियेच्या वेळी शुद्धीवर असल्याच्या तक्रारींचे प्रमाण स्नायुशिथिलक दिलेल्या भुलेत सुमारे ८,२०० मध्ये एक, तर न दिलेल्या भुलेत सुमारे १,३६,००० मध्ये एक असे आढळले. म्हणून वायुरूप भूल असेल तर उच्छ्वासातील तिचे प्रमाण मॉनिटरवर सतत पाहतात, आणि संपूर्ण भूल शिरेतून द्यायची असेल तर कपाळावर पट्टी लावून मेंदूच्या विद्युतलहरी मोजणे शहाणपणाचे.

आता आपल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, कारण माझ्या मते खरी निष्काळजी इथेच होते. रुग्ण डोळे उघडतो, श्वास घेतो, पाच सेकंद मान उचलून धरतो, आणि सगळे समाधानी होतात. परंतु श्वासपटल लवकर सावरते, घशाचे स्नायू मागे राहतात. असा रुग्ण श्वास घेत असतो, मात्र जीभ मागे पडून वायुमार्ग अडू शकतो किंवा लाळ गिळता न आल्याने ती श्वासनलिकेत उतरू शकते. यावर उपाय जुना आणि साधा आहे. मनगटावर, करंगळीच्या बाजूच्या मज्जातंतूवर दोन चिकटपट्ट्या लावून अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतराने चार सौम्य विद्युतझटके देतात आणि अंगठा किती जोराने हलतो ते पाहतात. अंमल बाकी असेल तर चौथ्या झटक्याला अंगठा पहिल्यापेक्षा कमी जोराने हलतो. चौथ्याचे पहिल्याशी गुणोत्तर ०.९ वर पोहोचल्याशिवाय नळी काढू नये. नुसत्या बोटांनी हे जोखता येत नाही, ०.४ च्या पुढे हा फरक अनुभवी हातालाही सहसा जाणवत नाही, म्हणून आकडा दाखवणारे यंत्रच हवे. (नाडी आणि ऑक्सिजन मोजल्याशिवाय एक क्षण न राहणारे आम्ही भूलतज्ज्ञ स्नायूंच्या बाबतीत मात्र अंदाजावर निभावतो, याचे मला नेहमी नवल वाटते.)

अंमल उतरवण्यासाठी निओस्टिग्मिन देतात आणि त्याने नाडी मंदावू नये म्हणून सोबत ग्लायकोपायरोलेट. परंतु अंमल खोल असताना निओस्टिग्मिन पुरे पडत नाही, त्याआधी थोडी ताकद आपोआप परतलेली असावी लागते. सुगामाडेक्स हे औषध रोक्युरोनियमच्या रेणूलाच वेढून घेते. चारपैकी दोन झटक्यांना अंगठा हलू लागल्यावर किलोमागे २ मिलिग्रॅम, अंमल खोल असल्यास ४ मिलिग्रॅम अशी त्याची मात्रा असते. ते ॲट्राक्युरियमवर चालत नाही. गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या स्त्रियांनी सुगामाडेक्सनंतर सात दिवस गर्भनिरोधाचा दुसरा उपायही वापरावा. हे सांगायचे अनेकदा राहून जाते.

प्रश्न : एका लहान शस्त्रक्रियेनंतर माझ्या सख्ख्या भावाला चार तास व्हेंटिलेटरवर ठेवावे लागले. 'स्कोलीन लवकर उतरले नाही' एवढेच आम्हाला सांगण्यात आले. आता माझी शस्त्रक्रिया ठरली आहे. मी काय करावे?

उत्तर : स्कोलीन म्हणजे सक्सिनिलकोलीन. ते मिनिटाभरात काम करते आणि रक्तातील कोलिनएस्टरेज या विकरामुळे (एन्झाइममुळे) पाच-दहा मिनिटांत निकामी होते. काहींमध्ये हे विकर जन्मतःच सदोष असते. दोष आई-वडील दोघांकडून येत असल्याने सख्ख्या भावंडात तो असण्याची शक्यता साधारण चारांत एक धरावी. आपण भूलतज्ज्ञांना हे शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, आधीच्या तपासणीतच सांगावे, शक्य झाल्यास भावाचे कागद दाखवावेत आणि विकराची रक्तचाचणी करून घ्यावी. दोष निघाला तरी शस्त्रक्रिया अडत नाही; स्कोलीन आणि मिवाक्युरियम टाळून दुसरे औषध वापरतात. भुलेच्या वेळी घरातील कोणाला अचानक तीव्र ताप येऊन प्रकृती गंभीर झाली असेल, तर तेही सांगावे. तो आजार वेगळा, पण त्यातही स्कोलीन वर्ज्य आहे.

प्रश्न : मी अतिदक्षता विभागात परिचारिका आहे. आमच्या फ्रिजमध्ये ॲट्राक्युरियम आणि इन्शुलिन एकाच कप्प्यात असतात. एकदा चुकीची कुपी माझ्या हातात आली होती. सुदैवाने वेळीच लक्षात आले. काय बदलावे?

उत्तर : कप्पा आजच बदलावा. स्नायुशिथिलकांसाठी झाकणाचा वेगळा डबा करून त्यावर 'श्वास थांबवणारे औषध' असे मोठ्या अक्षरांत लिहावे, आणि ज्या विभागात कृत्रिम श्वास देण्याची सोय नाही तिथे ही औषधे ठेवूच नयेत. सिरिंज भरताच लाल लेबल लावावे. बिनलेबलाची सिरिंज फेकून द्यावी, मग ती कोणीही भरलेली असो. अमेरिकेत २०१७ साली एका रुग्णाला तपासणीपूर्वी चित्त शांत करणाऱ्या मिडाझोलॅमऐवजी व्हेक्युरोनियम दिले गेले आणि तो दगावला. औषधे काढून देणाऱ्या यंत्रात मिडाझोलॅमच्या 'व्हर्सेड' या व्यापारी नावाची पहिली दोन अक्षरे टाइप केल्यावर जे औषध समोर आले तेच काढले गेले होते. झाकणावर इशारा छापलेला होता. मिडाझोलॅम पातळ असते आणि ही भुकटी पाण्यात विरघळवावी लागली, तरीही हात थांबला नाही. आपला थांबला, म्हणून ही घटना दडवू नका, विभागात लेखी नोंदवा.

एक गोष्ट सहज विसरली जाते. सलाईनच्या नळीत आणि तिच्या जोडांत औषधाचे काही थेंब अडकून राहतात. रुग्ण पूर्ण जागा झाल्यावर, वॉर्डात कोणी त्याच नळीतून प्रतिजैविक दिले की ते थेंब आत ढकलले जातात आणि रुग्ण जागेपणी लुळा पडतो. त्यामुळे ऑपरेशन थिएटरमधून रुग्ण बाहेर येण्यापूर्वी प्रत्येक नळी आणि तिचा प्रत्येक फाटा सलाईनने धुतला की नाही, हे रुग्ण ताब्यात घेताना तोंडी विचारून मगच सही करावी.