समुद्रात हरवलेला बॉम्बर-सैनिक : नाव, तारीख आणि स्मारक

माझ्या इंग्रज सासऱ्यांचे काका १९४३ साली लँकेस्टर या ब्रिटिश बॉम्बर विमानातून गेले, ते परतलेच नाहीत. कबर नाही. नाव कुठे सापडेल?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन (राष्ट्रकुलातल्या युद्धमृतांच्या कबरी व स्मारकं सांभाळणारी संस्था) हिच्या संकेतस्थळावर आडनाव टाका आणि सेवा क्रमांक जुळवूनच पुढे जा. एकाच आडनावाचे अनेक निघतात. ब्रिटन व पश्चिम युरोपातून उड्डाण केलेल्या, कबर नसलेल्या २०,०००हून अधिक जणांची नावं लंडनजवळच्या रनीमीड स्मारकावर आहेत. जाण्याआधी नाव कोरलेल्या पॅनेलचा क्रमांक लिहून घ्या. तिथली मांडणी वर्ष आणि हुद्द्यानुसार आहे, नुसत्या आडनावावर शोधणं फार कठीण.

त्याच विमानातल्या दोघांच्या कबरी मात्र डेन्मार्कमध्ये आहेत. हे कसं?

प्रवाहामुळे. मृतदेह कित्येक आठवड्यांनी, दूरच्या किनाऱ्याला लागत आणि जिथे सापडत तिथेच पुरले जात. म्हणून कबरीचं गाव म्हणजे विमान पडल्याची जागा, असं कृपया धरू नका. ही चूक फार होते. ओळख न पटलेल्यांच्या शिळेवर नाव नसतं, त्यांचं नाव रनीमीडलाच असतं. लँकेस्टरवर सहसा सात जण असत. सातही नावं शोधा. एकट्या काकांची नोंद अपुरीच वाटेल. किनाऱ्याला लागलेल्या सोबत्याच्या नोंदीतून निदान समुद्राचा भाग कळतो.

स्क्वाड्रनच्या (त्यांच्या हवाई तुकडीच्या) नोंदवहीत १२ तारीख, कमिशनकडे १३. खरी कोणती?

उड्डाण रात्रीचं, त्यामुळे दोन्ही. लंडनच्या क्यू भागातल्या नॅशनल आर्काइव्हजमधल्या (ब्रिटिश सरकारी अभिलेखागारातल्या) नोंदवहीत (मालिका एआयआर २७) बहुधा उड्डाणाचा दिवस असतो. घरचा स्मृतिफलक करणार असाल तर त्यावर ‘१२/१३’ असंच कोरून घ्या. घरात जपलेल्या पत्रावर बरीच नंतरची तारीख असेल, तर ती वेगळी गोष्ट: काहीच कळलं नाही की साधारण सहा महिन्यांनी मृत्यू गृहीत धरला जाई, ते पत्र त्या निर्णयाचं.

बंगालच्या उपसागरात गेलेल्या लिबरेटर बॉम्बरमधले?

ते सिंगापूरच्या क्रांजी इथल्या स्मारकावर. दक्षिण व पूर्व आशियात आणि भोवतालच्या समुद्रांत बेपत्ता झालेले हवाई सैनिक तिथे आहेत.

अवशेष सापडले तर वर काढता येतील?

स्वतः मुळीच नाही. ब्रिटिश सागरी हद्दीतलं असं विमान १९८६च्या कायद्याने आपोआप संरक्षित आहे. संरक्षण मंत्रालयाच्या परवान्याशिवाय तुकडाही हलवता येत नाही. नेदरलँड्समध्ये १९४३ साली सात जणांसह बुडालेलं स्टर्लिंग बॉम्बर (क्रमांक बीके७१६) तिथल्या सरकारी मोहिमेतून २०२० मध्ये वर काढलं गेलं.